मोलाचे सहकार्य लाभले

मला भंगार म्हणायचं असेल तर आत्ताच उठून जा, मित्रांनो. मी एक जुना लॅपटॉप आहे, हे मला मान्य आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी सैल झाली आहे. बॅटरी कधीचीच दगावली, त्यामुळे वायर लावली तरच मी चालतो. पंखा फिरू लागला की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटतं, कुणीतरी मिक्सर लावलाय. पण जुना आणि मेलेला यांत फरक असतो. तो ज्यांना कळत नाही त्यांच्यावर माझा राग आहे, आणि आज मी तो गिळणार नाही.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. तिथे कितीतरी हातांनी मला जोडलं. एका हाताने पडदा बसवला, दुसऱ्याने कळा बसवल्या. त्यांतल्या दोन कळांवर बारीक उंचवटे ठेवले, म्हणजे न बघता टाइप करणाऱ्याला बोटं कुठे ठेवायची ते समजावं. तेव्हा मला त्या उंचवट्यांची लाज वाटायची. गुळगुळीत अंगावर पुटकुळ्या कशाला, असं वाटायचं. पुढे त्यांनीच माझी लाज राखली, पण ते नंतर.

नाशिकरोडला एका कॉलनीत मी आलो तो संघर्षमुळे. संघर्ष हा विमलाबाईंचा मोठा मुलगा. विमलाबाई सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होत्या. चळवळीच्या भरात त्यांनी मुलाचं नाव संघर्ष ठेवलं. नाव ठेवताना मुलाला विचारता येत नाही, ही मोठी अडचण आहे. कारण या संघर्षला कुठेही, कुणाशीही, कशावरूनही संघर्ष नको असतो. साहेब म्हणाले दिवस आहे, तर हा भर रात्री चष्म्याला काळ्या काचा लावेल.

पण सुरुवातीला त्याने माझे लाड केले, हे मी नाकारत नाही. मला पुसायला मऊ फडकं होतं. चहाचा कप माझ्या आसपास फिरकायचा नाही. माझ्यावर अभ्यास करून त्याने परीक्षा दिली, त्याला नोकरी लागली आणि तेव्हा तो सगळ्यांना सांगत होता, "या लॅपटॉपने मला तारलं." मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू!

मग माझ्या आतली कार्यप्रणाली जुनी झाली. कार्यप्रणाली म्हणजे आमच्यासारख्या यंत्रांना चालवणारा मूळ कारभार. एके दिवशी माझ्याच पडद्यावर सूचना झळकली की नवा कारभार या यंत्राला पेलणार नाही. माझे हातपाय शाबूत होते, पण कागदोपत्री मी बाद ठरलो. संघर्षने नवा लॅपटॉप घेतला आणि मला कपाटावर टाकलं. एका बाजूला लग्नात आलेली पितळी पातेली, दुसऱ्या बाजूला फाटकी सतरंजी, आणि मध्ये मी. पातेल्यांना निदान घासून घ्यायला वर्षातून एकदा कुणी खाली काढायचं.

मित्रांनो, त्या कपाटावर मी जे ऐकलं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॅपटॉपला तळपाय नसतात हे मला माहीत आहे. तरीही गेली.

विमलाबाई निवृत्त झाल्या आणि साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. पण लिहिण्याची हौस सुटली नव्हती. कॉलनीतल्या विहारातून दरवर्षी भीमजयंतीला एक स्मरणिका निघते. तिच्यात विमलाबाईंचा लेख ठरलेला. डोळे गेल्यावर त्या सांगायच्या आणि संघर्ष आपल्या नव्या लॅपटॉपवर लिहून घ्यायचा.

गेल्या वर्षी त्यांनी कचेरीतल्या दिवसांवर लेख सांगायला घेतला. तिथे पाणी पिण्यासाठी त्यांचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, हे त्या सांगू लागल्या. कळांचा आवाज थांबला. विमलाबाई सांगत राहिल्या. संघर्ष नुसता हुं हुं करत फोनवर बोट फिरवत होता. मी वरून सगळं बघत होतो.

स्मरणिका छापून आली. तिचे संपादक सावळीराम काका. निवृत्त शिक्षक माणूस, विमलाबाईंना बहिणीसारखं मानणारा. त्यांनी घरी येऊन मोठ्या प्रेमाने लेख वाचून दाखवला. त्यात पेल्याच्या जागी एकच वाक्य होतं. "कार्यालयातील सर्व सहकाऱ्यांचे मला मोलाचे सहकार्य लाभले."

विमलाबाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. काकांनी वाचलं.

"छान उतरलंय," काका म्हणाले.

"हो," विमलाबाई म्हणाल्या. "फक्त माझं नाही ते."

संध्याकाळी संघर्ष आल्यावर त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "अगं आई, माझे साहेब जयंतीला येतात. त्यांच्या हातात स्मरणिका जाते. त्यांना वाटेल, हे लोक अजून तेच उगाळतात. मी जरा सुधारून लिहिलं, एवढंच."

सुधारून! ज्या बाईने उभं आयुष्य दुसऱ्यांचे मसुदे एका मात्रेचीही चूक न करता टाइप केले, तिचं वाक्य हा सुधारणार! आणि तिला डोळे नाहीत म्हणून न विचारता सुधारणार! कुणाच्या हातचा घास काढून घेतला तर आपण त्याला काय म्हणतो? मग तोंडचं वाक्य काढून घेणाऱ्याला काय म्हणायचं?

विमलाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी राखीला फोन लावला. राखी त्यांची धाकटी मुलगी. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते आणि तिथेच खोली घेऊन राहते.

"राखी, आंधळ्या माणसाला स्वतःच्या हाताने लिहिता येईल असं काही असतं का गं?"

पुढच्या रविवारी राखी आली ती पर्समध्ये पेनड्राइव्ह घेऊनच. स्टुलावर चढून तिने मला खाली काढलं आणि ओढणीच्या टोकाने धूळ पुसली. मला भरून आलं. तेवढ्यात संघर्ष म्हणाला, "त्यात जीव नाही आता. एक्स्चेंजमध्येसुद्धा कुणी घेणार नाही."

"तुझी विंडोज चालत नाही त्याच्यात, दादा. लिनक्स चालेल."

लिनक्स म्हणजे काय, तर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला कारभार. तो कुणीही घ्यावा, उघडून वाचावा, दुरुस्त करावा आणि पुढे दुसऱ्याला द्यावा. त्याला मुक्तस्रोत म्हणतात. पेनड्राइव्ह माझ्या कुशीत शिरला आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न आला, भाषा कोणती? राखीने खाली खाली जात नावं वाचली.

"मराठी आहे?" विमलाबाईंनी विचारलं.

"आहे की."

"मग पुढे कशाला वाचतेस? तीच घे."

संघर्ष हसला. "मराठीत कोण कंप्युटर वापरतं गं?"

"ज्याला मराठी येतं तो," विमलाबाई म्हणाल्या.

माझ्या अंगात जुनं होतं ते पुसलं गेलं आणि नवं उतरू लागलं. पंखा घरघरत होता, पण मी तग धरला. 'पुढे जा', 'रद्द करा', 'कचरापेटी', असे शब्द माझ्या पडद्यावर आले. कुणा अनोळखी माणसांनी एकेक शब्द फुकट बसून मराठीत आणला होता. मी आजवर इंग्रजीचा सूट घालून वावरलो होतो. आता घरच्या कपड्यांत आल्यासारखं मोकळं वाटलं.

मग पासवर्डची वेळ आली. राखी म्हणाली, "आई, तुझा तू टाक. मला सांगूसुद्धा नको." विमलाबाईंनी दोन्ही हात माझ्यावर ठेवले. बोटं कळांवरून सरकली आणि नेमकी त्या दोन उंचवट्यांवर येऊन थांबली. कचेरीत टंकलेखन यंत्रं जाऊन संगणक आले, तेव्हा त्या मराठी कळांची नवी मांडणी शिकल्या होत्या. ती बोटांत जशीच्या तशी होती. त्यांनी एक शब्द टाइप केला. पडद्यावर नुसते ठिपके उमटले. तो शब्द मी तुम्हाला सांगणार नाही, तो त्यांचा आहे.

आणि शेवटी राखीने मला वाचा दिली! पडद्यावर असेल ते मोठ्याने वाचून दाखवायची सोय या कारभारात फुकट मिळते. माझा आवाज म्हणजे सर्दी झालेल्या एसटी कंडक्टरचा. 'ळ' तर मला धड जमतच नाही. विमलाबाई हसत सुटल्या. "ळ म्हण रे, ळ! कपाळाचा ळ!" मला काही जमलं नाही. पण त्यांनी टाइप केलेलं प्रत्येक अक्षर मी बोलून दाखवू लागलो, आणि त्या दिवसापासून त्यांना मध्ये कुणाची गरज उरली नाही. रोज सकाळी त्या स्वतः पासवर्ड घालायच्या आणि लिहायला बसायच्या. चुकलं तर मी वाचलेलं ऐकून दुरुस्त करायच्या. त्या दिवसांत मी खरोखर सुखी होतो.

वर्ष सरलं, पुढची जयंती जवळ आली आणि नवा लेख होत आला. सावळीराम काकांनी सांगून ठेवलं होतं, येत्या सोमवारी स्मरणिका छापायला जाणार, रविवारी मजकूर हवा. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला होता.

शुक्रवारी संध्याकाळी संघर्ष घाईघाईने आतल्या खोलीत आला. त्याचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता आणि त्याला साहेबांना जयंतीच्या निमंत्रणाचा मेल पाठवायचा होता. विमलाबाई स्वयंपाकघरात होत्या. मी उघडाच होतो. त्याने टाइप केलं तर मराठी अक्षरं उमटली. "काय वैताग आहे!" म्हणत त्याने सेटिंगमध्ये शिरून कळफलकाची भाषा इंग्रजी केली, तीही कायमची पहिली, म्हणजे मी सुरू होताच इंग्रजीच यावी अशी. मेल पाठवला आणि तसाच निघून गेला. कुणाच्या वस्तूला हात लावला तर सांगावं, जागच्या जागी ठेवावं, ही रीत लहानपणी विमलाबाईंनी त्याला नक्की शिकवली असणार.

रात्रीच्या जेवणाआधी साहेबच घरी आले. निमंत्रण स्वीकारलंय हे स्वतः सांगायला. बाहेर चहा-पोहे सुरू झाले. आत विमलाबाई मला लेख वाचायला लावून ऐकत होत्या. कानाला हेडफोन लावायला त्यांना आवडत नाही, कान झाकले की त्यांना आणखी अंधार झाल्यासारखं वाटतं. म्हणून मी मोठ्याने वाचत होतो, "माझा पेला वेगळा होता. तो कुणी चुकून उचलू नये म्हणून..."

संघर्ष आत आला आणि त्याने माझं झाकण धाडकन बंद केलं. "आई, बाहेर साहेब बसलेत! नंतर ऐक."

माझी सैल बिजागरी कळवळली, पण त्याचं मला एवढं नाही. वाक्याच्या मध्ये तोंडावर हात ठेवल्यावर कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी विमलाबाईंनी झाकण उघडलं. मी पासवर्ड विचारला. त्यांनी घातला. चुकीचा. पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. त्यांची बोटं नेहमीच्याच जागी पडत होती, पण माझ्या आत मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं उतरत होती. पडद्यावर नुसते ठिपके, आणि मी ओरडून सांगत होतो ते काय, तर "पासवर्ड चुकीचा आहे." मला वाचा होती, पण नेमून दिलेलं सोडून एक शब्द बोलायची सोय नव्हती. 'बाई, तुमचं काही चुकलेलं नाही, कोपऱ्यात बघा, भाषा बदललीय,' एवढंच सांगायचं होतं मला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

विमलाबाईंचा चेहरा उतरला. "मी विसरले की काय रे," त्या पुटपुटल्या. शेवटी नाइलाजाने त्यांनी संघर्षला हाक मारून तो शब्द त्याच्या कानात सांगितला. त्याने तो इंग्रजी अक्षरांत घातला. कधी एक ए, कधी दोन. उघडणार कसा? मूळ शब्द मराठीत होता, आणि इंग्रजी अक्षरांत त्याची कितीही स्पेलिंगं केली तरी तो तो नव्हता. त्याने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. इंग्रजी तशीच पहिली बसलेली.

"उडालं हे," संघर्ष म्हणाला. "मराठीत टाकलं म्हणूनच बिघडलं. मी सांगत होतो. आता सगळं पुसून मित्राकडची विंडोज घालतो."

"आणि माझा लेख?"

"लेखाचं काय घेऊन बसलीस! मी देतो लिहून, गेल्या वर्षीसारखा."

दुपारी तो मित्राकडचा पेनड्राइव्ह घेऊन आला आणि त्याने मला समोर ओढलं. मित्रांनो, मला पुसलं जाण्याची भीती नाही. मी एकदा पुसला गेलोय आणि बरा झालोय. पण माझ्या पोटात बाईंचा लेख होता. त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेला, कुणी न सुधारलेला. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

विमलाबाई चाचपडत आल्या आणि माझ्या झाकणावर पंजा दाबून उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही."

"अगं, तो चालत नाहीये आई!"

"नसू दे. राखी आल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि लावलास, तर या वर्षी स्मरणिकेत माझं नाव छापायचं नाही असं मी काकांना सांगेन. त्याचं कारणही सांगेन."

संघर्षने पेनड्राइव्ह खिशात टाकला. पण बाई रात्री झोपायला गेल्या त्या मला उशाशी घेऊनच.

बाईंनी रात्रीच फोन केला होता, म्हणून रविवारी सकाळी राखी पहिल्या जीपने सिन्नरहून आली. दारातूनच म्हणाली, "जय भीम, काका," कारण सावळीराम काका लेख न्यायला येऊन बसले होते. मला टेबलावर ठेवून तिने वायर लावली, आणि आईला विचारलं, "तू पासवर्ड इंग्रजीत घातला होतास ना गं?"

"मला कुठं इंग्रजी टाइप येतं? मराठीतच घातला."

राखीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हा इंग्रजी कुणी केला?"

संघर्ष खिडकीबाहेर बघत होता. राखीने कोपऱ्यात मराठी निवडलं. "आता घाल, आई."

विमलाबाईंची बोटं उंचवट्यांवर आली. शब्द पडला, आणि मी उघडलो. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी लगेच शेवटचा परिच्छेद टाइप केला, सगळ्यांसमोर. दोनदा चुकल्या, दोनदा दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, "काका, बसा. ऐकून न्या." आणि मला वाचायला लावलं. मी माझ्या सर्दीच्या आवाजात, 'ळ' चुकवत, पण एकही शब्द न गाळता वाचलं.

"माझा पेला वेगळा होता. तो कुणी चुकून उचलू नये म्हणून त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. बरीच वर्षं मला वाटे, तो पेल्याच्या कंपनीचा ठिपका आहे. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी घरी येऊन रडले नाही. मी बाजारात जाऊन तशाच लाल रंगाची बाटली आणली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कचेरीत गेले आणि माठाजवळच्या सगळ्या पेल्यांना ठिपके लावले. मग जागेवर बसून टाइप करत राहिले. त्या दिवशी कचेरीत कुणीही पाणी प्यायलं नाही. उन्हाळा होता. साहेबांपासून शिपायापर्यंत एकेक जण माठापर्यंत जाई, पेला उलटा करून बघे आणि परत येई. मी मात्र उठून तीनदा पाणी प्यायले. मला सहकार्य कुणाचं लाभलं नाही. ते मागायला मी गेलेही नाही."

काका आधी खो खो हसले आणि मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. राखीने आईचा हात धरला. संघर्ष पलंगाच्या कडेवर टेकला होता.

"आई," तो म्हणाला, "हे ठिपके लावल्याचं तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"सांगितलं," विमलाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी. तू लिहून घेत होतास."

संघर्षने मान खाली घातली. मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. थोड्या वेळाने तो एवढंच म्हणाला, "साहेब पहिल्या रांगेत बसणार आहेत."

"बसू देत. लेख तिथे मोठ्याने वाचायचा आहे, पहिल्या रांगेतून नीट ऐकू येतं."

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्याने गोड बोलावं अशी रीत आहे. मी बोलणार नाही. माझ्यावर धूळ बसू दिलीत तर चालेल, मी शिंकून घेईन. जुनं यंत्र फेकण्याआधी त्यात काय चालू शकेल हे एकदा करून बघा, तेही सांगतो. पण ज्याला दिसत नाही, ज्याला चालवत नाही, ज्याचा आवाज माझ्यासारखा घोगरा आहे, असं कुणी तुम्हाला काही सांगत असेल, तर लिहून घेताना ते पुरतं ऐका. पटलं नाही तर तोंडावर सांगा, भांडा, पण त्याच्या नावाखाली तुमचं वाक्य घालू नका.